अर्जनविसाची शाळा

सहावीत असताना भूगोलाच्या सरांनी एकदा रांगेनं सगळ्यांना मारलं. नकाशाची वही आणायला सांगितली होती आणि निम्म्या वर्गानं आणली नव्हती. सर पहिल्या बाकापासून निघाले आणि ज्याच्याकडं वही नाही त्याला एक, असं देत मागं आले. फार चिडलेले होते असंही नाही. हजेरी घ्यावी तसं त्यांचं चाललं होतं. माझ्या शेजारणीला पाठीत बसली. मला बसली ती उघड्या पंजानं, डाव्या कानावर.

कानात शिट्टी सुरू झाली. मी रडले नाही, कारण रडणाऱ्याला सर आणखी एक द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उशीच्या अभ्र्यावर पाण्यासारखं रक्त होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि पडदा फाटलाय म्हणाले. पुढं तो कान पिकत राहिला आणि हळूहळू गेलाच. आजही माझ्याशी बोलायचं तर उजवीकडून बोलावं लागतं.

ही गोष्ट वसमतची, नव्वदनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता. माझे वडील अर्जनवीस होते. तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली पोत्यावर बसायचे, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. बांधाची भांडणं, मारहाण, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. माय हळदीच्या कामाला जायची. मी त्यांचं एकुलतं एक लेकरू.

बाबांनी सरांविरुद्ध अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन मुख्याध्यापकांना दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "मार तर सगळ्यांनाच बसला. तुमच्या एकटीलाच कसं काय लागलं?" चार दिवसांनी मी वर्गात गेले तेव्हा सरांनी मला उभं केलं. "अर्ज लिहायला येतो ना तुझ्या घरी? मग हाताला काही व्हायला नको," म्हणाले आणि पट्टीच्या कडेनं उजव्या हाताच्या बोटांवर मारत राहिले. वर्ग हसत होता. जिला पाठीत बसली होती तीही हसत होती.

बाबांनी त्याच आठवड्यात माझा दाखला काढून आणला.

त्या संध्याकाळी माय कामावरून आली, हातापायांना पिवळं फासलेलं. दाखला पाहून ती म्हणाली, "दुसऱ्या शाळेत घाला. घरी काहून बसवता? लोक म्हणतील लग्नाची तयारी करून राहिले."

"दुसऱ्या शाळेत दुसरा मास्तर मारल. मी शिकवीन तिला."

"तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. तकलीफ लेकराला होईल. एकटी पडल ती."

बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी फेकून मारला. मायच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. ती खाली बसली, पदर तोंडात धरून. बाबा बाहेर निघून गेले. मी तांब्या उचलून मोरीत ठेवला. त्याला पोचा पडला होता.

असं माझं घरचं शिक्षण सुरू झालं.

सकाळी घरी गणित आणि इंग्रजी. बाबा मॅट्रिक होते, पण इंग्रजी त्यांचं पक्कं होतं. दहा वाजता मी त्यांच्याबरोबर कडुनिंबाखाली जायचे. क्षेत्रफळ मी एकर-गुंठ्यांवर शिकले, नकाशा वाचायला गट नंबरांवर. मराठी शिकले ती अर्जांवर. माणूस सांगायचा, बाबा लिहायचे, आणि मी शेजारी बसून दुसऱ्या कागदावर माझं लिहायचे. माणूस गेला की बाबा दोन्ही कागद लावून बघायचे.

एकदा बांधावरून डोकं फुटलेला एक शेतकरी आला. मी लिहिलं, 'मला बेदम मारहाण केली.'

बाबा म्हणाले, "बेदम म्हणजे किती?"

"लई."

"लई म्हणजे किती वार? दोन की धा? काठीनं की कुऱ्हाडीच्या दांड्यानं? कुठं बसले? बघायला कोण होतं? हे सोडून बेदम लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत न्हाई."

माझ्या वयाच्या मुली निबंधात फुलपाखरू लिहीत होत्या तेव्हा मी 'डाव्या बरगडीवर मुका मार' लिहीत होते. सांगणारी माणसं रडायची, शिव्या द्यायची, सदरा वर करून वळ दाखवायची. सुरुवातीला मला रात्री ते वळ आठवून झोप यायची नाही. मग सवय झाली. ही सवय चांगली की वाईट हे मला तेव्हा कळत नव्हतं.

साधारण वर्षभरानं एक बाई आली. तिशीची असेल. बाबांसमोर बोलेना. पदराची गाठ सोडून तिनं मला दाखवलं. आत एक दात होता, मुळासकट. "तू लिही माय," ती मला म्हणाली. बाबा उठून लांब जाऊन बसले. ती सांगत गेली. नवऱ्यानं चुलीतलं लाकूड काढून तोंडावर मारलं होतं. मांडीवरचे डागही तिनं साडी सरकवून दाखवले. मी तेरा वर्षांची होते. मी विचारत होते, ती सांगत होती, आणि मी लिहीत होते.

अर्धा कागद झाला असेल, तेवढ्यात तिचा नवरा आला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. त्यानं काहीच न बोलता तिचे केस धरले आणि तिला ओढत रस्त्याकडं नेऊ लागला. पेटी उलटली. दौत फुटून शाई पोत्यावर सांडली. बाबा मध्ये पडले तर त्यानं त्यांच्या पोटात लाथ घातली. कचेरीच्या पायऱ्यांवर तीस-चाळीस माणसं होती. चहाच्या टपरीवर एक पोलीसही होता. कुणी हललं नाही. ती बाई ओरडतही नव्हती. दोन्ही हातांनी आपल्या केसांची मुळं धरून त्याच्या मागं फरफटत जात होती. नवऱ्यानं तिला पुढच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीत कोंबलं आणि नेलं.

बाबा बराच वेळ पोट धरून बसले. मग त्यांनी कागद गोळा केले, पेटी सरळ केली आणि मला म्हणाले, "आता पुढचं लिही. आत्ता जे झालं ते."

"तिचा अंगठा कुठून आणायचा?"

"तिचा न्हाई. आपला. बघणारे आपण व्हतो."

मी लिहिलं. पोलिसाचंही लिहिलं. बाबांनी सही केली आणि अर्ज आत नेऊन दिला. त्याचं काही झालं नाही. त्या बाईचं काय झालं तेही आम्हाला कधी समजलं नाही.

बाबा मला रोज रात्रीच्या जेवणाआधी एक अर्ज लिहायला लावत, विषय माझा मी निवडायचा, फक्त खरा हवा. त्या बाईच्या प्रसंगानंतरच्या आठवड्यात मी लिहिलं, अर्जदार माझी आई, गैरअर्जदार माझे वडील. तांब्याचं सगळं लिहिलं. वार किती, कशानं, साक्षीदार कोण. शेवटी लिहिलं की अर्जदारास थोडेसे लागले.

बाबा चुलीजवळ बसून वाचत होते. माय भाकरी थापत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून तिचे हात थांबले. मला वाटलं, आता मलाही बसणार. मी उजवा कान झाकून घेतला.

त्यांनी पेन घेतलं आणि 'थोडेसे' खोडलं. मायला म्हणाले, "कुठं लागलं व्हतं?"

मायनं पदर बाजूला करून दाखवलं. हाड जिथं जुळलं होतं तिथं एक गाठ राहिली होती.

"किती दिवस दुखलं?"

"अजून दुखतंय. हळदीची पाटी उचलली की."

त्यांनी तसं लिहिलं आणि मला कागद परत दिला. त्यानंतर त्यांनी कधी हात उचलला नाही असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तीन वर्षांनी एकदा उचलला. पण तेव्हा मायनंच मला सांगितलं, "घे, लिही," आणि बाबा वरचा हात खाली घेऊन दारात जाऊन बसले.

दहावीला मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसले. गणिताच्या पेपराला केंद्राला जत्रेसारखी गर्दी होती. कॉपी पुरवणारी पोरं खिडक्यांवर चढली होती, गजातून चिठ्ठ्या फेकत होती. मग पोलीस आले आणि त्यांनी लाठ्या घातल्या. माझ्या खिडकीतला एक जण पाठीत लाठी बसून वरून पडला. त्याचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज मला एका कानानंही नीट ऐकू आला. वर्गातल्या मुली रडायला लागल्या, दोघी-तिघींनी पेन खाली ठेवलं. माझा हात थांबला नाही. मी वर्तुळाची स्पर्शिका काढत होते, ती पूर्ण केली. चांगले गुण पडले. बाबांनी पेढे वाटले. मी कधी कुणाला सांगितलं नाही की समोर पोरगा पडला तरी मी लिहीतच राहिले, म्हणून ते गुण पडले.

बारावीही तशीच केली. त्यानंतर हिंगोलीला बी.ए.ला गेले आणि मुलींच्या वसतिगृहात राहायला लागले. हिंगोली त्याच वर्षी जिल्हा झाली होती. जवळजवळ सात वर्षांनी मी बाकावर बसत होते.

अभ्यासाचं मला काहीच जड गेलं नाही. प्राध्यापक सांगतील ते मी मुद्देसूद उतरवून घ्यायचे. कॉलेजच्या ऑफिसात बाकीच्या मुली कारकुनाच्या खिडकीशी थरथरायच्या. मी सरळ विचारायचे की अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला आणि कुणाच्या टेबलावर आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मुली माझ्याकडं यायच्या आणि मी भरून द्यायचे. तेवढ्यापुरतं मला वाटायचं, बाबांनी केलं ते बरोबर केलं.

पण फॉर्म भरून झाला की मुली निघून जायच्या. त्या आपसात काय हसतात ते मला कळायचं नाही. एकीनं रडत सांगितलं की तिची मैत्रीण तिला वाईट बोलली, तर मी विचारलं, "काय शब्द वापरले? समोर कोण होतं?" ती रडायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून मला वकीलबाई म्हणायला लागल्या. सात वर्षं मी मार खाल्लेल्या मोठ्या माणसांत बसले होते. माझ्या वयाच्या कुणी माझी थट्टा केलीच नव्हती. थट्टा केली की काय करायचं असतं, हे बाबांना शिकवता आलं नाही. ते त्यांनाही येत नव्हतं.

वसतिगृहात कनेरगाव नाक्याची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचा रस्त्यावर ढाबा होता. बोलकी, दणकट, सगळ्यांच्या खोड्या काढणारी. डिसेंबरमधल्या एका सकाळी मी हौदावर पाणी भरत होते. ती मागून डावीकडून आली. मला ऐकू आलं नाही. तिनं माझ्या तोंडाशी स्टीलचं ताट चमच्यानं वाजवलं.

माझ्या हातात पितळी तांब्या होता, भरलेला. मी वळले आणि मारला. तिच्या भुवईवर बसला. ती मागं गेली, हात वर केला, आणि मला दिसलं की ही ती आहे, हिच्या हातात ताट आहे, मागच्या मुली अजून हसत आहेत. हे सगळं दिसल्यावर मी दुसऱ्यांदा मारला. तिचा वरचा ओठ फाटला आणि पुढचा दात अर्धा तुटला. ती हौदाच्या कडेला बसली. पाण्यात रक्त पडत होतं आणि स्टीलच्या ताटात थोडं साचलं होतं.

वॉर्डन मॅडमनी तिला दवाखान्यात पाठवलं आणि मला खोलीत बसवून लेखी मागितलं. मी लिहिलं, 'कानाजवळ अचानक आवाज झाल्याने घाबरून माझा हात उठला व तांब्या लागला.' सुबक अक्षरात, समास सोडून.

कचेरीत निरोप मिळाल्यावर दुपारी बाबा एस.टी.नं आले. त्यांनी ते वाचलं.

"किती वार?"

"एक."

"मी दवाखान्यात जाऊन आलो," ते म्हणाले. "तिला टाके दोन जागी हायेत."

मी म्हणाले, "दोन."

"दुसरा बी घाबरून?"

"न्हाई. दुसरा बघून मारला."

"काहून?"

"त्या हसत होत्या म्हणून."

बाबांनी माझा कागद चार घड्या करून खिशात टाकला आणि नवा दिला. मी तिथं बसून खरं लिहिलं. इतके अर्ज लिहिले होते, पण माझं नाव गैरअर्जदाराच्या जागी मी पहिल्यांदाच घातलं.

आम्ही कागद मॅडमना देऊन फाटकातून बाहेर आलो तेव्हा त्या मुलीचा भाऊ जीपमधून उतरला. सोबत दोघं होते. त्यानं बाबांना विचारलं, "तिचा बाप का तू?" बाबा व्हय म्हणाले. त्यानं त्यांची कॉलर धरून तोंडात मारली. चष्मा उडाला. मग दुसऱ्यानं मागून लाथ मारून पाडलं आणि तिघं मिळून खाली पडलेल्या बाबांना मारू लागले. आमच्या जातीवरून भाऊ जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. तेव्हा शब्दन् शब्द लिहिलं होतं. मी त्याच्या हाताला चावले तर त्यानं मला कुंपणाच्या तारेवर ढकललं. बाबांनी एकदाही हात वर केला नाही. डोकं दोन्ही हातांत धरून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिले. शेवटी समोरच्या दुकानदारांनी सोडवलं.

बाबांची एक बरगडी मोडली होती. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून मी त्यांचा अर्ज लिहिला. सतरा लाथा मी मोजल्या होत्या. लिहून झाल्यावर बाबा म्हणाले, "सकाळचा बी लिही. दोन्ही संग दे."

"सकाळचं कॉलेजचं आहे. ते इथं कशाला?"

"मग हा बी नको देऊ."

"त्यांनी तुम्हाला मारलंय बाबा. जातीवरून बोललेत."

"ते तर द्यायचंच. पण तू काय केलं ते दडवून न्हाई."

मी त्यांच्यावर ओरडले. ठाण्यातले सगळे बघायला लागले. मी म्हणाले, तुम्ही मला शाळेतून काढलं, कुणात मिसळू दिलं नाही, म्हणून माझ्या हातून हे झालं; आता वर मलाच आरोपी करता. त्यांना बोलताना धाप लागत होती. ते एवढंच म्हणाले, "व्हय. माझं चुकलं असंल. त्याचा बी अर्ज लिही, मी सही करतो. पण आधी हे दोन."

मी दोन्ही दिले.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी सगळ्यांना बोलावलं. मुलगी भुवईला पट्टी, तोंड सुजलेलं, अशी वडिलांसोबत आली. भाऊ म्हणत होता की धक्काबुक्की झाली, बाकी काही नाही. हवालदारांनी मुलीला विचारलं. तिला नीट बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "आधी मी ताट वाजवलं. तिनं दोनदा मारलं. तिच्या वडिलांनी कुणालाच मारलं न्हाई." भावानं तिच्याकडं असं बघितलं की मला तिची काळजी वाटली. तिच्या वडिलांनी मान खाली घातली.

भावावर गुन्हा दाखल झाला. पुढं केस बरीच वर्षं चालली आणि तो सुटला. दुकानदारांपैकी कुणी साक्षीला आलं नाही. मला वसतिगृहातून काढलं, कॉलेजनं ठेवून घेतलं. उरलेली अडीच वर्षं मी वसमत-हिंगोली एस.टी.नं ये-जा केली.

थट्टा काय असते ते मी त्या गाडीत शिकले. रोज त्याच सात-आठ मुली, डी.एड.च्या, नर्सिंगच्या. जागेसाठी खिडकीतून दप्तर फेकायचं, कंडक्टरशी भांडायचं, एकमेकींच्या मांडीवर बसायचं. पहिले दोन महिने कुणाचा हात लागला तरी माझी मूठ वळायची. एकीनं ते पाहिलं आणि माझी मूठ आपल्या हातात घेऊन बोटं एकेक करून उघडली, काही विचारलं नाही. मग ती रोजच तसं करायची आणि बाकीच्या हसायच्या. एक दिवस मीही हसले.

कनेरगावची मुलगी तीन वर्षं माझ्याच वर्गात होती, दुसऱ्या टोकाच्या बाकावर. आम्ही बोललो नाही. मला माफी मागायची होती. मी ती कितीदा तरी लिहून काढली आणि फाडली, कारण प्रत्येक मसुदा अर्जासारखाच व्हायचा. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या आधी ती माझ्याकडं आली. वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, "राज्यशास्त्राच्या नोट्स देतेस का?" मी दिल्या. तुटलेल्या दाताच्या जागी तिनं नवा बसवून घेतला होता. त्याचा रंग थोडा वेगळा होता. मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं ते." ती म्हणाली, "माहिती आहे मला," आणि नोट्स घेऊन गेली. चौथ्या दिवशी कव्हर घालून परत दिल्या.

पुढं मला कळमनुरीच्या कोर्टात कारकुनाची नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. दोन हजार आठच्या सुमारास मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी आठवडाभर ठरवू शकले नाही. बाबा तेव्हा आजारी असायचे, त्यांना विचारायची इच्छा झाली नाही. मी मायला विचारलं, मला शाळेतच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का.

माय लसूण सोलत होती. म्हणाली, "मार तिथं बी होता, हितं बी होता. तुझ्या बापानं तुला लिहायला शिकवलं, तेवढं खरं. पण तू दारात बसून शाळेतून घरी येणाऱ्या पोरींकडं बघायचीस. ते तू कधी अर्जात लिहिलं न्हाई, म्हणून त्याला कळलं न्हाई. मला दिसायचं."

मुलीला मी शाळेत घातलं. पहिल्या दिवशी वर्गाबाहेर बाकीच्या आयांमध्ये उभी राहिले. एका बाईनं मला विचारलं, तुमची रडली का हो. मी म्हणाले, नाही, तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेय. ती बाई हसली, आणि आम्ही दोघी सुट्टी होईपर्यंत तिथंच पायरीवर बोलत बसलो.